पहिल्या ओळीचा अधिकार

संगणकाला जात नसते, असे एक विधान हल्ली आपल्याच शिकलेल्या तरुणांकडून वारंवार ऐकायला मिळते. यंत्र कोणाचे आडनाव विचारत नाही, जो बरोबर आज्ञा देईल त्याचे ते ऐकते, असा त्यामागचा युक्तिवाद. यंत्रापुरते हे खरे आहे. पण यंत्रापर्यंत जाणारी वाट यंत्राने बांधलेली नाही. ती माणसांनी बांधली आहे. आणि वाट बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणी एक शिकणारा असतो. त्याच्या घरी संगणक असतो, त्याला इंग्रजी येते, अडले तर विचारायला मोठा भाऊ किंवा मामा असतो, आणि आज कळले नाही तरी उद्या कळेल एवढा धीर त्याला घराने दिलेला असतो. ही गृहीतके कागदावर कोठेही लिहिलेली सापडत नाहीत. ती शिकणाऱ्याला लिहायला सांगितलेल्या पहिल्या ओळीत दडलेली असतात.

त्या पहिल्या ओळीविषयी, म्हणजे नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून बांधल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररींविषयी मला लिहायचे आहे. विषय तांत्रिक आहे खरा. पण ज्ञानाचे दार कोण उघडतो, कोणासाठी उघडतो आणि किती उघडतो, हा आपला जुनाच प्रश्न येथे नवे कपडे घालून उभा आहे.

लायब्ररी या शब्दाने वाचकांचा गोंधळ होऊ नये. येथे पुस्तके नाहीत. संगणकाला मुळात फार थोडे कळते : दोन संख्यांची बेरीज, त्यांची तुलना, एका जागचा आकडा उचलून दुसऱ्या जागी ठेवणे. पडद्यावर साधी रेघ काढायची तरी अशा असंख्य बारीक आज्ञा द्याव्या लागतात. कोणीतरी त्या एकदाच लिहितो, त्यांना 'रेघ' असे नाव देतो, आणि पुढच्या माणसाने नुसते नाव घेतले की काम होते. अशा नाव दिलेल्या आज्ञांचा संच म्हणजे लायब्ररी. तिला सुताराची पेटी म्हणायला हरकत नाही, पण एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. पेटीतला रंधा काय करतो हे हातात घेतल्यावर कळते. लायब्ररीतले हत्यार फक्त नावावरून ओळखायचे असते. म्हणून नाव कोणते द्यायचे, कोणता क्रम सक्तीचा करायचा, काय न सांगता गृहीत धरायचे आणि शिकणारा चुकल्यावर त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे सारे लायब्ररी बांधणारा ठरवतो. तो त्या लहानशा राज्याचा कायदा लिहीत असतो.

जावा या भाषेची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तिच्यात पडद्यावर एक नमस्कार उमटवायचा तर आधी 'पब्लिक क्लास' आणि नाव, मग 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन', पुढे कंसात आणखी दोन शब्द, आणि शेवटी 'सिस्टिम डॉट आउट डॉट प्रिंटलाइन' एवढे लिहावे लागे. शिक्षक सांगत, हे आत्ता समजून घेऊ नका, पाठ करा, पुढे कळेल. अर्थ विचारायचा नाही, उच्चार मात्र शुद्ध ठेवायचा, एक अक्षर चुकले तर फळ मिळणार नाही, आणि अर्थ सांगितला जाईल तो अधिकार प्राप्त झाल्यावर! हे आपण पूर्वी कोठे ऐकले आहे? फरक इतकाच की या मंत्रातल्या प्रत्येक शब्दाला खरोखर कारण आहे. ती कारणे शेकडो माणसांनी मिळून लिहायच्या अवाढव्य प्रोग्रॅमांची आहेत. पाच ओळींच्या प्रोग्रॅमला त्यांपैकी एकही लागू पडत नाही. शेवटी जावा बांधणाऱ्यांनीही हे मान्य केले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या २५व्या आवृत्तीत 'क्लास' आणि 'पब्लिक स्टॅटिक' न लिहिता नुसत्या 'मेन'पासून सुरुवात करता येते. म्हणजे पहिली ओळ हलकी व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. तेवढ्या काळात पहिल्याच तासाला किती मुलांनी वही मिटली असेल!

आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांत आणि महाविद्यालयांत अनेक वर्षे टर्बो सी शिकवले गेले. त्यात चित्रे काढण्याची एक लायब्ररी होती. वर्तुळाची आज्ञा तिच्यात अगदी सोपी : मध्यबिंदूचे दोन आकडे आणि त्रिज्या. पण त्याआधी 'इनिटग्राफ' नावाची आज्ञा द्यावी लागे, तिला दोन चलांचे पत्ते द्यावे लागत, आणि चित्रांसाठी लागणाऱ्या फायली संगणकाच्या कोणत्या कप्प्यात ठेवल्या आहेत तो मार्ग अक्षर न् अक्षर लिहावा लागे. मार्ग चुकला की 'बीजीआय एरर : ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' अशी ओळ समोर येई. वर्तुळाचा आणि त्या कप्प्याचा संबंध काय? शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर काहीच नाही. ज्याला प्रयोगशाळेतल्या सरांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारण्याची भीड नव्हती त्याचे वर्तुळ उमटले. भीड कोणाला असते, हे मी या वाचकांना सांगायला नको.

याच्या अगदी उलट उदाहरण कासवाचे आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळावे असे मला वाटते. १९६७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे वॉली फ्यूर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पॅपर्ट हा दक्षिण आफ्रिकेतला गोरा, १९२८ साली प्रिटोरियात जन्मलेला. विद्यार्थीदशेत तो वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधात चळवळीत होता. पुढे जिनिव्हाला ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून मूल कसे शिकते याचा त्याने अभ्यास केला. या दोन गोष्टींचा त्याच्या कासवाशी किती संबंध लावायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. मला तो दिसतो.

लोगोत काही काळाने कासव आले. आधी ते जमिनीवर फिरणारे यंत्र होते, मग पडद्यावर आले. कासव जिकडे जाईल तिकडे मागे रेघ उमटते, एवढाच खेळ. चित्रांच्या इतर लायब्ररी म्हणतात, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ काढ. त्यासाठी आलेखाचा कागद, दोन अक्ष, ऋण संख्या हे सारे आधी यावे लागते. कासवाला एवढेच सांगायचे : आहेस तेथून शंभर पावले पुढे जा, मग उजवीकडे नव्वद अंश वळ. हे ज्ञान चालता येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात असते. जनावरांमागे फिरलेल्या पोराला किंवा आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलेल्या पोरीला वळणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पॅपर्टचा आग्रह हाच होता की मुलाने स्वतः कासव होऊन पाहावे, आपल्या अंगाने विचार करावा. १९८० साली त्याने 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात हे सविस्तर मांडले. शाळेच्या दारात पाऊल टाकताच ज्यांच्या अंगातल्या सगळ्या ज्ञानाला अज्ञान ठरवले गेले, त्यांना या एका निर्णयाचे मोल चटकन कळेल.

मी दर रविवारी एका वसतिगृहातल्या मुलामुलींना हे कासव शिकवतो. चौकोन त्यांना लगेच जमतो. समभुज त्रिकोण काढा म्हटले की बहुतेक जण कोपऱ्यावर साठ अंश वळतात, कारण पुस्तकात त्रिकोणाचा कोन साठ आहे. पडद्यावर त्रिकोण मिटत नाही. षटकोनाच्या तीन बाजू उमटतात आणि कासव भलतीकडेच जाऊन थांबते. मग एकाला फरशीवर चालायला लावायचे. कोपऱ्यावर आल्यावर त्याचे अंग किती वळले? आतला कोन साठ, पण अंग वळले एकशेवीस. बाह्यकोन हा शब्द त्यांनी आठवीत पाठ केलेला असतो. तो येथे पायाला कळतो. आणखी दोन रविवार गेले की कोणीतरी शोधून काढतो की कासव आपली रेघ न ओलांडता मूळ जागी, मूळ दिशेला परत आले तर ते एकूण तीनशेसाठ अंश वळलेले असते. तीन बाजूंना एकशेवीस, चार बाजूंना नव्वद, पाच बाजूंना बहात्तर. या सगळ्यात लायब्ररीने मुलाला एकदाही 'चूक' म्हटलेले नसते. त्याने जे सांगितले ते तिने तंतोतंत केले आणि त्याच्यापुढे ठेवले.

आज हेच कासव पायथन भाषेत आहे. व्हिएन्नाच्या ग्रेगोर लिंगल यांनी त्याची नवी बांधणी केली आणि २००८ साली ते पायथनच्या मूळ संचात आले. विंडोजच्या संगणकावर पायथन बसवले की कासव त्याच्याबरोबर येतेच. वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पहिली आज्ञा देताच खिडकी आपोआप उघडते. टर्बो सीमध्ये जो मार्ग शिकणाऱ्याने लिहायचा होता, तो भार येथे लायब्ररीने स्वतःच्या डोक्यावर घेतला आहे. माझ्या मते नवशिक्याच्या लायब्ररीची पहिली कसोटी हीच : ज्या गोष्टीचा त्याच्या प्रश्नाशी संबंध नाही, तिचे ओझे कोणाच्या डोक्यावर आहे?

नावांचेही तसेच. रास्पबेरी पाय हा स्वस्त छोटा संगणक २०१२ साली आला. त्याला दिवा जोडून पेटवायचा तर सुरुवातीला पिनांची मोजणी कोणत्या पद्धतीने करायची ते सांगा, अमुक क्रमांकाची पिन बाहेर जाणारी आहे हे सांगा, मग तिच्यावर 'हाय' ठेवा, असा प्रवास होता. २०१५ साली बेन नटॉल आणि डेव्ह जोन्स यांची जीपीआयओ झीरो ही लायब्ररी आली. तिच्यात वस्तूचे नाव एलईडी आहे आणि आज्ञेचे नाव 'ऑन'. बाजारात ज्या नावाने आपण वस्तू मागतो तेच नाव प्रोग्रॅममध्ये. बदल नुसता नावांचा वाटेल, पण त्याने विचार करण्याची जागाच बदलली.

आता चुकीच्या संदेशांकडे वळतो. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत कठीण भाग तोच. गियोम मार्सो, कॅथी फिसलर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या रॅकेट प्रणालीचे संदेश नवशिक्यांसाठी मुद्दाम घडवलेले होते, तिच्यावरच त्यांनी तो केला, हे विशेष. त्यांना आढळले की संदेशात वापरलेले शब्दच विद्यार्थ्यांना नीट माहीत नव्हते. आणि पडद्यावर जो भाग रंगवून दाखवला जाई, त्याचा अर्थ 'येथेच दुरुस्ती कर' असा घेऊन ते तेथेच काहीबाही बदलत राहत. ही इंग्रजी बोलणाऱ्या देशातल्या महाविद्यालयीन मुलांची गत! मग जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाची काय होत असेल? संदेश त्याच्याशी बोलतच नाही; संदेश लिहिणारा आपल्यासारख्याशी बोलत असतो.

पण हे बदलता येते. नवशिके हमखास एक गोष्ट करतात. कासवाचा पहिला प्रोग्रॅम लिहिला की फाइलला 'टर्टल' असेच नाव देतात. मग पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी त्यांचीच फाइल उघडते आणि अगम्य तक्रार करते. मूल तीच ओळ पुन्हा पुन्हा तपासते. ओळ तर बरोबरच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून अशा वेळी पायथन सांगते की तुमच्या फाइलचे नाव मूळ संचातल्या लायब्ररीसारखेच आहे, ते बदलून पाहा. एका वाक्याने दुपार वाचते. हे वाक्य लिहायला कोणते अवघड शास्त्र लागत नव्हते; नवशिका काय करतो याकडे बघणारे कोणी लागत होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग आपल्या मुलांसाठी सोपे, वेगळे असे काही बांधू या. येथे मला थांबावेसे वाटते. 'वेगळे' या शब्दाचा आपला अनुभव चांगला नाही. हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. चहा त्याच किटलीतला असायचा, प्रश्न चहाचा नव्हताच. नवशिक्यासाठी अशी लायब्ररी बांधली की तिच्यातून पुढे कोठेच जाता येत नाही, तिच्यात केलेले काम बाहेर कोणी काम मानत नाही, तर ती कितीही गोड असली तरी वेगळी कपबशीच. लोगोच्या परंपरेत एक चांगली कसोटी सांगतात : उंबरठा ठेंगणा हवा आणि छत उंच हवे. उंबरठा बहुतेकांच्या लक्षात राहतो, छत विसरले जाते.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन या संदर्भात मला नेहमी आठवते. वरच्या वर्गाला शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर त्यांनी हल्ला चढवला. त्याच निवेदनात त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी अभ्यासक्रम सुचवला : मोडी आणि बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान. हा अभ्यास सोपा आहे पण दुय्यम नाही. त्यात कुळकर्ण्याचे दप्तर वाचण्याची सोय आहे. शिक्षकही त्यांना नांगराची मूठ धरायला लाज न वाटणारे हवे होते. लायब्ररी बांधणारा हा न दिसणारा शिक्षकच असतो, म्हणून ही अट त्यालाही लागू करावी.

आधी उल्लेखिलेल्या रॅकेट प्रणालीत विद्यार्थ्यांसाठी भाषेच्या पाच पायऱ्या केल्या आहेत. मॅथायस फेलायझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या पाठ्यपुस्तकाबरोबर ही पद्धत प्रसिद्ध झाली. खालच्या पायरीवर भाषेचा बराच भाग मुद्दाम बंद ठेवलेला असतो, म्हणजे नवशिक्याच्या चुकीवर त्याला न शिकवलेल्या गोष्टींचे संदेश येत नाहीत. हा अधिकारभेदच नव्हे काय, असा प्रश्न मला एका कार्यकर्त्या मित्राने विचारला. प्रश्न रास्त आहे. पण पायरी बदलणे तेथे विद्यार्थ्याच्याच हातात आहे. यादी उघडायची आणि वरची पायरी निवडायची; कोणाची परवानगी नको, कोणाचे पाय धुणे नको. बंद दार आणि आतून कडी असलेले दार यांत फरक असतो. पायथनच्या कासवाचेही असेच आहे. ती लायब्ररी पायथनमध्येच लिहिलेली आहे, सुमारे चार हजार ओळींची. वसतिगृहातल्या एका मुलाने एक दिवस ती फाइलच उघडली. त्याला फारसे कळले नाही. पण 'फॉरवर्ड'च्या आत काय आहे ते त्याने पाहिले, आणि ते पाहता येते हे बाकीच्यांनाही कळले.

राहिला भाषेचा प्रश्न. पायथनच्या तिसऱ्या मालिकेपासून, म्हणजे २००८ पासून, नावे देवनागरीत देता येतात. 'फॉरवर्ड' या आज्ञेला 'पुढे' हे नाव द्यायला एक ओळ पुरते. दहा-बारा ओळींत मराठी कासव तयार होते. मी ते केले. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, कासवाला 'चल' म्हणायचं की 'चला'?" वर्ग हसला. मला प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. इंग्रजी आज्ञेत समोरच्याची पायरी दिसत नाही; मराठी क्रियापद तोंडातून निघताच ती ठरवून टाकते. ज्यांच्या आज्याला गावाने जन्मभर 'ए' म्हणून हाक मारली, त्यांच्या हातात आज्ञा देण्याचे यंत्र देताना त्याचे क्रियापद कोणते असावे? आम्ही क्रियापदच काढून टाकले. 'पुढे', 'मागे', 'डावीकडे', 'उजवीकडे'. कासवाचा मान राहिला आणि वाक्यही आटोपशीर झाले.

अडचणी आहेतच. प्रोग्रॅम चालू असताना पायथनला देवनागरी आकडे वाचायला दिले तर ते त्यांची संख्या करून देते. पण तेच आकडे प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिले तर चूक दाखवते. मराठी कळफलकावरून 'पुढे' लिहायचे, मग आकड्यासाठी इंग्रजीकडे यायचे, पुन्हा परत जायचे, यात मुले कंटाळतात. भाषेचे मूळ शब्द आणि सगळे संदेश इंग्रजीतच राहतात. आणि इंग्रजीला पाठ फिरवणे आपल्या परंपरेत बसतही नाही. 'गुलामगिरी'ला १८७३ साली जोतीरावांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली होती. बाबासाहेबांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. म्हणून आमच्या फाइलीत 'पुढे' आणि 'फॉरवर्ड' एकाच ओळीवर शेजारी शेजारी आहेत, आणि तिसऱ्या रविवारी ती फाइल मुलांना उघडून दाखवायची असा नियम आहे.

एका नावावर मात्र एकमत झालेले नाही. कासवाला पुरी गिरकी घ्यायला लावणाऱ्या आज्ञेला मुली 'गोल' म्हणतात, मुलांचा गणिताचा शिक्षक 'वर्तुळ' म्हणतो. 'गोल' घरचा शब्द आहे, चटकन येतो. 'वर्तुळ' म्हटले तर उद्या भूमितीच्या पुस्तकाशी गाठ पडते. मूळ लायब्ररीतही एका आज्ञेला लांब आणि आखूड अशी दोन नावे आहेतच. तूर्त आम्ही दोन्ही ठेवली आहेत.